आत्या, डोळं उघडा: व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाची गुंगी आणि आम्ही बदललेली पद्धत

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगावातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या बारा खाटांच्या आयसीयूतलं आहे. मी तिथे भूलतज्ज्ञ आहे आणि अतिदक्षता विभागही पाहते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, महिना आणि घरच्यांचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

आमच्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीपासून ते सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजपर्यंतचे रुग्ण येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी उर्दू. आमच्या सिस्टर बहुतेक बागलकोट, गदग, विजयपूरकडच्या, दोघी-तिघी केरळच्या. बेळगाव शहरातला माणूस बाजारात दोन-तीन भाषा सहज बोलतो, त्यामुळे इथे सगळ्यांना सगळं समजतं असं आम्ही धरूनच चालतो. हे गृहीतक आमच्या आयसीयूत किती महाग पडलं ते पुढे येईलच. या भागात भाषेवर पुष्कळ बोललं जातं आणि त्या वादात मला शिरायचं नाही. मी बोलते आहे ते फक्त खाटेशेजारी, रुग्णाच्या कानाशी बोलल्या जाणाऱ्या भाषेबद्दल.

रुग्ण होत्या बासष्ट वर्षांच्या एक बाई. खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाला लागून असलेलं गाव, घरची भातशेती. भर पावसात चार दिवस ताप अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी धाप लागली म्हणून मुलगा जीपमधून घेऊन आला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, रक्तदाब घसरलेला, रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास. त्याच रात्री श्वासनळीत नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं.

पहिले तीन दिवस

सुरुवातीची खोल गुंगी गरजेचीच होती, हे आधी स्पष्ट सांगते. फुप्फुसं इतकी घट्ट झाली होती की त्यांना दोनदा, प्रत्येक वेळी सोळा तास पालथं ठेवावं लागलं. त्यासाठी गुंगीचं मिडाझोलॅम आणि वेदनेवरचं फेंटॅनिल पंपावर (शिरेतून सतत औषध सोडणाऱ्या यंत्रावर) सुरू होतं, स्नायू सैल ठेवायला अट्राक्युरियम. स्नायू सैल करणारं औषध चालू असताना रुग्ण जागा राहणं हा छळ आहे, तिथे गुंगीत काटकसर करायची नसते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अट्राक्युरियम बंद केलं. चौथ्या दिवशी सकाळी व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ४५ टक्क्यांवर आणि पीप, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवायला यंत्र देतं तो दाब, १२ वरून ८ वर आला. फुप्फुसांच्या बाजूने विचार केला तर त्या दिवशी त्यांना जागं करायला हवं होतं.

अडचण कुठे झाली

चौथ्या दिवशी रात्री त्या खोकल्या आणि एक हात नळीकडे गेला. ड्युटीवरच्या सिस्टरकडे तेव्हा तीन रुग्ण होते. तिने डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी सांगितलं वाढवा, आणि मिडाझोलॅम तासाला ४ मिलिग्रॅमवरून ६ वर गेलं. दोघांचंही त्या क्षणी चुकलं नाही. चूक पुढच्या सकाळची आहे. राउंडवर आम्ही फुप्फुसांचा एक्स-रे पाहिला, अँटिबायोटिक बदललं, किडनीचे रिपोर्ट पाहिले, आणि पंपाकडे बघून म्हटलं, ‘सेडेशन (गुंगीचं औषध) चालू ठेवा.’ मीही त्या राउंडमध्ये होते.

किडनीचे रिपोर्ट पाहून तरी थांबायला हवं होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, ३.४ होतं, बरंच वाढलेलं. मिडाझोलॅम यकृतात मोडतं, पण त्यातून तयार होणारी द्रव्यंही गुंगी आणतात आणि ती लघवीवाटे बाहेर पडतात. किडनी मंद असेल तर ती अंगात साठत जातात. फेंटॅनिल दिवसेंदिवस चालू राहिलं की चरबीत मुरतं आणि पंप बंद केल्यावर हळूहळू परत रक्तात येतं. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते.

नोंदवहीत पाचव्या आणि सहाव्या दिवशी दर चार तासांनी ‘रॅस उणे २’ लिहिलेलं सापडतं, शेजारी ‘पेशंट शांत’. रॅस म्हणजे गुंगी मोजायची पट्टी: अधिक ४ म्हणजे मारामारीवर आलेला, शून्य म्हणजे जागा आणि शांत, उणे ५ म्हणजे हलवलं तरी काहीच नाही. उणे २ असेल तर हाक मारल्यावर रुग्णाने डोळे उघडून क्षणभर तरी आपल्याकडे बघायला हवं. सहाव्या दिवशी दुपारी मी स्वतः हाक मारली, खांदा हलवला, छातीच्या हाडावर बोटं रगडली. पापणीसुद्धा हलली नाही. उणे ५. तो आकडा कुणी खोटा लिहिला नव्हता, आधीच्या पाळीतला पुढच्या पाळीत उतरत गेला होता. मोजायला कसं हे आम्ही नीट शिकवलंच नव्हतं आणि मोजून काही बदलतं असं कधी दिसलंही नव्हतं. मग मोजणार कोण?

त्याच क्षणी मिडाझोलॅम आणि फेंटॅनिल दोन्ही बंद केलं. सातवा दिवस गेला, त्या जाग्या झाल्या नाहीत.

आठव्या दिवशीचे पर्याय

आठव्या दिवशी सकाळी आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, थांबणं. औषध साठलंय, किडनी सुधारते आहे, वेळ द्यावा. दुसरी, मेंदूचा सीटी स्कॅन. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला असताना, रक्तदाब घसरलेल्या माणसाला पक्षाघाताचा झटका किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो आणि तो हुकला तर माफी नाही. तिसरी, फ्लुमाझेनिल देऊन मिडाझोलॅमचा परिणाम उलटवून बघणं. त्याने झटके (फिट) येण्याची भीती असते, परिणाम तासाभरात उतरतो, आणि जागं होऊन पुन्हा बुडालेल्या रुग्णाबद्दल नातेवाइकांना काय सांगायचं हाही प्रश्न. ते आम्ही दिलं नाही. चौथी वाट, गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी करणं आणि लांबच्या मुक्कामाची तयारी ठेवणं.

आम्ही सीटी केला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला खाली नेऊन परत आणायला चार माणसं आणि दीड तास लागला. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. ट्रॅकिओस्टॉमीचा विषय मी मुलाजवळ काढला. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, “मॅडम, आई उठेल न्हवं?” मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत. खरं उत्तर होतं, ‘आम्ही दिलेलं औषध उतरायला वेळ लागतोय.’ ते त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही. याची मला आजही खंत आहे, कारण ती रात्र त्या कुटुंबाने आई गेल्यात जमा आहे असं समजून बाहेरच्या व्हरांड्यात चटईवर काढली.

संध्याकाळी पापण्या किंचित उघडल्या. नोंद झाली: ‘डोळे उघडतात, सांगितलेलं करत नाहीत.’

नववा दिवस

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सून आत आली. खरं तर भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, पण मुलगा रात्रभर बसून संतापला होता म्हणून सिस्टरने तिला पाच मिनिटं सोडलं. मी शेजारच्या खाटेवर होते.

सिस्टर तिला सांगत होती, “कण्ण तेगीरी, कै हिडीरी म्हणून किती वेळा सांगितलं मॅडम, काही करत नाहीत.” म्हणजे डोळे उघडा, हात धरा. सिस्टर मायाळू आहे, तिने खरंच वीस वेळा सांगितलं असेल. सुनेने तिच्याकडे पाहिलं आणि साधेपणाने म्हणाली, “आमच्या आत्यांस्नी कन्नड कुठं येतंय? तुम्ही काय म्हणायल्यात ते त्यांस्नी समजंना झालं असंल.”

मग ती वाकली. सासूच्या कानाजवळ तोंड नेऊन, गोठ्यातून घरात हाक मारावी तशा मोठ्या आवाजात म्हणाली, “आत्या, मी आलोय. डोळं उघडा बघू.” डोळे उघडले. सावकाश, आधी डावा. नजर छताकडून खाली आली आणि सुनेच्या कपाळावर येऊन थांबली. “बोट धरा माझं. घट्ट.” सुजलेला, सलाईनच्या पट्ट्यांनी भरलेला हात होता तो. बोटं इतकी हळू वळली की मला वाटलं आपल्यालाच भास होतोय. पण ती वळली आणि सुनेचं बोट धरून राहिली.

त्या बाईंना आदल्या संध्याकाळपासून आमचा आवाज ऐकू येत असावा. समजत काहीच नव्हतं.

इथे हिशेब नीट मांडायला हवा. भाषेमुळे त्या तीन दिवस बेशुद्ध राहिल्या नाहीत, त्या औषधाने राहिल्या. भाषेमुळे आमचा एक दिवस चुकीचा गेला आणि मेंदूला इजा झाली असावी या समजुतीकडे आम्ही झुकलो. पुढचा निर्णय त्या समजुतीवर होणार होता, आणि तो निर्णय गळ्यावर सुरी चालवण्याचा होता.

नवव्या दिवशी तीस मिनिटं स्वतःच्या श्वासावर ठेवून पाहिलं, त्या दमल्या. दहाव्या दिवशी जमलं आणि नळी निघाली. त्यानंतर तीन दिवस भ्रम: कधी गप्प, कधी रात्री उठून ‘गुरं सोडा’ म्हणून ओरडणं. हातापायांत इतकी अशक्तता की पाण्याचा पेला उचलेना. चौदाव्या दिवशी आयसीयूतून बाहेर, एकोणिसाव्या दिवशी घरी. माझ्या मते चौथ्या दिवशी पंप खाली आणला असता तर नळी किमान तीन दिवस आधी निघाली असती.

पद्धत बदलताना काय काय तोललं

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसलो. वाचन नवं नव्हतं. शिकागोतल्या २००० सालच्या अभ्यासात रोज सकाळी सेडेशन थांबवल्यावर व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले होते. २००८ मध्ये अमेरिकेतल्याच चार रुग्णालयांनी सेडेशन थांबवणं आणि स्वतःच्या श्वासाची चाचणी एकाला एक जोडली, तेव्हा वर्षभरानंतर जास्त माणसं जिवंत होती. २०१२ मध्ये कॅनडा-अमेरिकेत मात्र दिसलं की मुळात ठरवून हलकी गुंगी ठेवत असाल तर रोज बंद करण्याने वेगळा फायदा नाही, उलट सिस्टरांचं काम वाढतं. डेन्मार्ककडच्या डॉक्टरांनी तर सेडेशनच न देता रुग्ण ठेवून पाहिले. २०२० च्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात: आधी वेदना बघा, गुंगी हलकी ठेवा, मिडाझोलॅमच्या गटापेक्षा प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन ही गुंगीची औषधं निवडा.

सेडेशनच न देण्याला एका रुग्णामागे एक सिस्टर हवी. आमच्याकडे दिवसा दोघांमागे एक, रात्री तिघांमागे एक. तो पर्याय तिथेच संपला. फक्त औषध बदलणं डॉक्टरांना सोपं वाटत होतं. डेक्समेडेटोमिडिनवर रुग्ण हाकेला उठतो, श्वास दबत नाही, पण नाडी आणि रक्तदाब उतरतो आणि शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णाला ते झेपत नाही. शिवाय ते महाग. इथले बरेच नातेवाईक बिल भरताना ऊस कारखान्याच्या पैशाची वाट बघत असतात. मला मुख्य आक्षेप वेगळा होता: महाग औषधसुद्धा कुणी कमी केलंच नाही तर तेही तसंच चालू राहणार.

खरी गाठ इन्चार्ज सिस्टरने सोडवली. ती म्हणाली, “मॅडम, वाढवायला एक फोन पुरतो. कमी करायला कोणी सांगतच नाही, आणि आम्ही आपल्या मनाने कमी केलं आणि नळी ओढली तर जबाबदार कोण?” आमच्या विभागाची सगळी रचना त्या एका वाक्यात होती. गुंगी वाढवणं सोपं, कमी करणं धोक्याचं.

आम्ही काय केलं

म्हणून नियम उलटा केला. राउंडवर प्रत्येक रुग्णाचं दिवसाचं रॅस लक्ष्य डॉक्टरने लिहायचं, बहुतेकांचं शून्य ते उणे २. लक्ष्यापेक्षा खोल गेला तर सिस्टरने कुणालाही न विचारता पंप खाली आणायचा. वाढवायचा असेल तर आधी वेदना बघायची: कपाळाच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, व्हेंटिलेटरशी झटापट. मग पॅरासिटामॉल, फेंटॅनिलचा छोटा डोस, तुंबलेली लघवीची नळी, पाठीखाली गोळा झालेली चादर. त्यानंतरही लागलं तरच डॉक्टरांना फोन. मिडाझोलॅमचा पंप आपोआप सुरू करणं बंद, तो झटके, दारू सुटल्याने आलेली बेचैनी अशा ठरावीक कारणांसाठीच.

रोज सकाळी आठ वाजता ‘जाग’. हा शब्द फळ्यावर कन्नडमध्येही लिहिला: ‘एच्चर’. झटके चालू असलेले, स्नायू सैल करणारं औषध चालू असलेले, मेंदूचा दाब वाढलेले, हृदयविकाराचा ताजा त्रास असलेले रुग्ण यातून वगळले. बाकीच्यांचं सेडेशन थांबवायचं. श्वास मिनिटाला ३५ च्या वर पाच मिनिटं राहिला, रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला किंवा फार अस्वस्थता दिसली तर पुन्हा सुरू करायचं, पण आधीच्या निम्म्या मात्रेवर. जमलं तर लगेच श्वासाची चाचणी.

जबाबदारीचा प्रश्न तोंडी आश्वासनाने सुटणारा नव्हता. मी लेखी दिलं आणि सही केली: या पद्धतीप्रमाणे काम करताना रुग्णाने नळी ओढली तर ती सिस्टरची चूक धरली जाणार नाही. तो कागद स्टेशनवर अजून चिकटवलेला आहे.

आणि भाषा. भरतीच्या कागदावर एक रकाना वाढवला: ‘घरात कोणती भाषा बोलतात, आणि रुग्णाला काय म्हणून हाक मारतात?’ दुसरा भाग पहिल्याइतकाच उपयोगी निघाला. नोंदीतल्या नावाला न उठणारा माणूस ‘अण्णा’ म्हटल्यावर उठतो. खाटेच्या डोक्याशी कार्ड, त्यावर पाच वाक्यं: डोळे उघडा, माझ्याकडे बघा, बोट धरा, तुम्ही दवाखान्यात आहात, घशात नळी आहे म्हणून आवाज येत नाही. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी. लिपी मात्र कार्ड वाचणाऱ्या सिस्टरच्या सोयीची. भ्रम तपासायच्या चाचणीत दहा इंग्रजी अक्षरं वाचून ‘ए’ आला की हात दाबायला सांगतात. शाळा न पाहिलेल्या आजींना त्याचा अर्थ लागत नाही. आम्ही ‘अ’ ऐकला की हात दाबा असं त्यांच्या भाषेत समजावून सांगतो, दोनदा सराव करून घेतो आणि मगच मोजतो. घरच्या एका माणसाला ‘जाग’च्या वेळी आत घेतो.

काय झालं, आणि मध्ये काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात निपाणीकडच्या एका रुग्णाने पहाटे चारला नळी ओढून काढली. पुढचे दोन दिवस सगळ्या पंपांवरचे आकडे गुपचूप वर गेले. कुणाला बोलण्यात अर्थ नव्हता, भीती खरी होती. आम्ही त्या रुग्णाचा कागद समोर ठेवून बसलो. आदल्या दुपारी त्याची श्वासाची चाचणी उत्तम झाली होती. संध्याकाळी नळी काढायला वरिष्ठ डॉक्टर नव्हते म्हणून ‘उद्या बघू’ झालं होतं. त्याला पुन्हा नळी लागलीही नाही. त्याने स्वतःच तो निर्णय घेतला जो आम्ही बारा तास आधी घ्यायला हवा होता. त्यानंतर ठरलं: आठच्या ‘जाग’मध्ये चाचणी जमलेल्याची नळी दुपारच्या आत निघाली पाहिजे, नाही तर का नाही ते लिहायचं.

पंप बंद करून दोन-दोन दिवस कुणी न उठण्याचा प्रकार नंतर क्वचितच घडला, आणि जिथे घडला तिथे बहुतेक वेळा कारण खरोखर मेंदूत होतं. त्यामुळे आता सीटीला नेताना शंका कमी असते.

त्या बाई तीन महिन्यांनी ओपीडीत चालत आल्या. आयसीयूतलं काय आठवतं विचारलं. म्हणाल्या, नदीला पूर आलाय, हात दाव्याने बांधल्यात आणि पलीकडच्या काठावरून कोणतरी ओरडायलंय, पण काय ते कळत नाही. मग सुनेकडे बोट दाखवून, “हिचा आवाज कळला.”

पुन्हा करायचं झालं तर

पालथं ठेवण्याचं संपल्यावर त्याच तासाला सेडेशनचा नवा आदेश लिहीन. जुना आदेश कारण संपल्यावरही चालत राहतो. किडनी मंद असेल तर मिडाझोलॅम सुरूच करणार नाही. सीटी मी पुन्हाही करेन, त्याबद्दल पश्चात्ताप नाही, पण तो करण्याआधी घरच्या माणसाला आत घेऊन हाक मारायला लावीन. त्याला चार माणसं लागत नाहीत आणि दीड तासही. मुलाला आठव्या दिवशीच औषधाचं खरं सांगीन.

‘हात दाव्याने बांधल्यात’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ते स्वप्न नव्हतं. आम्ही खरंच बांधले होते. दिवसा आता बांधत नाही, शेजारी कुणीतरी असतं. रात्री तिघांमागे एक सिस्टर असताना काही रुग्णांचे हात अजूनही बांधावे लागतात. व्यवस्थापनाकडे रात्रपाळीसाठी एक जास्तीची सिस्टर मागितली आहे. तोवर बांधण्याचं कारण आणि दर दोन तासांनी सोडून पाहिल्याची वेळ लिहायची, आणि बांधण्याआधी रुग्णाला त्याच्या भाषेत सांगायचं, एवढं सुरू केलं आहे.